न्यू इंग्लिश स्कूल : स्वतंत्र कुणापासून, आणि कुणासाठी?

या आठवड्याच्या भागात आपण पुण्याच्या न्यू इंग्लिश स्कूलबद्दल गप्पा मारल्या. गप्पांमध्ये बरंच काही राहून जातं, म्हणून हा लेख. तुम्ही भाग ऐकला नसेल तरी हरकत नाही, आधी हे वाचा आणि मग ऐका.

सुरुवात मात्र पुण्यातून नाही, इथून, बर्नाबीतून करते. दर शनिवारी सकाळी आम्ही काही जण मुलांसाठी मराठीचा वर्ग घेतो. एका शनिवारी आठ वर्षांचा एक मुलगा म्हणाला, "मला पानी पाहिजे." मी बाटली पुढे केली आणि अगदी सहज म्हणाले, "पाणी म्हण, बाळा. पा-णी." त्याने लगेच म्हटलं. मला बरं वाटलं.

दोन आठवड्यांनी त्याची आई मुलाचं जॅकेट शोधता शोधता मला म्हणाली, "ताई, राग मानू नका. आमच्याकडे सगळे पानीच म्हणतात. आता हा व्हिडिओ कॉलवर आजोबांना सुधारायला लागलाय. परवा ते गप्पच झाले."

एकोणिसाव्या शतकातल्या शाळा हा माझा संशोधनाचा विषय आहे. 'शुद्ध भाषा' कुणाची असते, यावर मी परिषदांमध्ये निबंध वाचले आहेत. आणि तरीही वर्गात उभी राहिल्यावर माझ्या तोंडून निघालं ते हेच. ही सवय माझ्यात कुठून आली, ते शोधताना मी ज्या शाळेपाशी पुन्हा पुन्हा पोचते, तिची ही गोष्ट.

ग्रामर स्कूल म्हणजे कसलं ग्रामर?

तुमच्यापैकी कुणी इंग्लंडमध्ये वाढला असाल तर 'ग्रामर स्कूल' हा शब्द नवा नाही. यातलं ग्रामर म्हणजे मुळात लॅटिनचं व्याकरण. पाद्री, वकील, कारकून व्हायचं तर लॅटिन यायला हवं, म्हणून दानशूर लोकांनी आणि राजांनी पैसे ठेवून या शाळा काढल्या. व्याकरण आणि शाळा यांची गाठ इतकी पक्की होती की १८०५ साली लीड्सच्या ग्रामर स्कूलचा वाद कोर्टात गेला. विश्वस्तांना फ्रेंच, जर्मन आणि व्यापाराला उपयोगी विषय शिकवायचे होते. लॉर्ड एल्डन यांनी निकाल दिला की देणगी अभिजात भाषांसाठी आहे, ती दुसरीकडे वळवता येणार नाही. पुढे १८४० मध्ये कायदा झाला तेव्हा कुठे वाट मोकळी झाली.

कॅनडातही ही संस्था आली होती. १८०७ च्या कायद्याने अप्पर कॅनडाच्या आठ जिल्ह्यांत एकेका शिक्षकाला वर्षाला १०० पौंड द्यायचं ठरलं. त्यातून उभ्या राहिलेल्या ग्रामर स्कूलांना ऑन्टारियोने १८७१ मध्ये 'हायस्कूल' असं नाव दिलं. आणि आपल्या ब्रिटिश कोलंबियात आजही खासगी शाळेला कायद्याच्या भाषेत 'इंडिपेंडंट स्कूल' म्हणतात. १९७७ पासून या शाळांना सरकारी अनुदान मिळतं. सरकारी शाळेत एका विद्यार्थ्यामागे जेवढा खर्च होतो त्याच्या ५० टक्के, नाहीतर ३५ टक्के, शाळेच्या गटाप्रमाणे. म्हणजे नाव स्वतंत्र, आणि हिशेबाच्या वहीत सरकार आहेच.

हा मुद्दा डोक्यात ठेवा. 'स्वतंत्र शाळा' म्हटलं की दोन प्रश्न विचारायचे : कुणापासून स्वतंत्र? आणि कुणासाठी?

विशी-तिशीतली माणसं

१ जानेवारी १८८० ला पुण्यात न्यू इंग्लिश स्कूल सुरू झालं. सुरू करणाऱ्यांची वयं बघा. विष्णुशास्त्री चिपळूणकर २९ वर्षांचे, महादेव बल्लाळ नामजोशी त्यांच्याहून थोडे लहान, आणि बाळ गंगाधर टिळक २३. काही दिवसांतच वामन शिवराम आपटे आले, ते तर नुकते विशी ओलांडलेले. एम.ए. उरकून पुढच्या वर्षी गोपाळ गणेश आगरकर आले, तेही टिळकांच्याच वयाचे. तुमच्यातले बरेच जण आज या वयात पहिली नोकरी शोधत असाल, नाहीतर मास्टर्सचे अर्ज भरत असाल.

चिपळूणकर सरकारी हायस्कुलात शिक्षक होते. १८७४ पासून ते 'निबंधमाला' हे मासिक जवळजवळ एकहाती लिहीत होते, आणि त्यात इंग्रज अधिकाऱ्यांवर, मिशनऱ्यांवर सडकून टीका असायची. त्यांची पुण्याहून रत्नागिरीला बदली झाली. १८७९ मध्ये त्यांनी राजीनामा दिला आणि स्वतःची शाळा काढायची म्हणून ते पुण्यात परतले. टिळक आणि आगरकर डेक्कन कॉलेजात शिकत असताना याच विषयावर तासन् तास बोलायचे. देशाचं काही करायचं तर आधी शिक्षण आपल्या हातात हवं, इथे दोघांचं एकमत झालं होतं. हुशार पदवीधराला तेव्हा सरकारी नोकरीचं दार उघडं होतं. आगरकरांचं घर गरिबीतलं. पण मुलगा एम.ए. होऊन मोठ्या पगाराची नोकरी करेल अशी आशा ठेवू नकोस, मी पोटापुरतं मिळवून बाकीचा वेळ लोकांसाठी घालवणार, असं त्यांनी आईला कळवलं होतं.

तेव्हाच्या पुण्यात शाळा नव्हत्या असं नाही. सरकारी हायस्कूल होतं, मिशनच्या शाळा होत्या. पण एकीकडे साहेबाचा हुकूम, दुसरीकडे बायबल. या तरुणांना दोन्हींपासून मोकळी शाळा हवी होती, आणि शिक्षण स्वस्त आणि सोपं करायचं होतं. म्हणजे 'कुणापासून' या पहिल्या प्रश्नाचं उत्तर त्यांच्याकडे तयार होतं.

नाव मात्र 'इंग्लिश'

आता गंमत बघा. राष्ट्रीय बाण्याची शाळा, आणि नाव न्यू इंग्लिश स्कूल! यात त्यांना काही विसंगत वाटत नव्हतं. इंग्रजी ही वाघिणीचं दूध आहे, हे वाक्य चिपळूणकरांच्या नावावर सांगितलं जातं. ज्याला इंग्रज सरकारशी भांडायचं आहे त्याने हे दूध पचवायला हवं, असा त्याचा अर्थ. शिवाय मॅट्रिकची परीक्षा मुंबई विद्यापीठाची, आणि तिथला कारभार इंग्रजीतून.

आणि ग्रामर? विलायतेत जी जागा लॅटिनची होती ती इथे संस्कृतने घेतली. पाठशाळेत वर्षानुवर्षं सूत्रं घोकून संस्कृत शिकायची जुनी पद्धत होती. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांनी १८६० च्या दशकात शाळकरी मुलांसाठी संस्कृतची दोन क्रमिक पुस्तकं लिहिली आणि संस्कृत हा धड्याधड्याने शिकायचा, परीक्षेत मार्क मिळवायचा विषय झाला. न्यू इंग्लिश स्कूलची या विषयात ख्याती होती. टिळक गणित आणि संस्कृत शिकवायचे. शाळेचे सुपरिंटेंडंट झालेले आपटे यांचं संस्कृत रचनेवरचं पुस्तक १८८१ मध्ये आलं, आणि १८९० मध्ये त्यांचा संस्कृत-इंग्रजी कोश. तुमच्या विद्यापीठात संस्कृत विभाग असेल तर आपट्यांचा कोश तिथे आजही हाताळला जातो. एका शाळामास्तराचं हे काम, तेही ३४ व्या वर्षी वारलेल्या माणसाचं.

मग मराठीचं काय? मुंबई विद्यापीठाने १८६० च्या दशकातच वरच्या परीक्षांमधून देशी भाषांना बाहेर काढलं होतं. त्या परत याव्यात म्हणून न्यायमूर्ती रानडे शतक संपेपर्यंत झगडत होते. तेव्हा शाळेच्या वेळापत्रकात प्रतिष्ठा इंग्रजीला आणि संस्कृतला होती. मराठी वाढली ती वेळापत्रकाच्या बाहेर. याच मंडळींनी आर्यभूषण छापखाना चालवला, जानेवारी १८८१ मध्ये इंग्रजी 'मराठा' आणि मराठी 'केसरी' सुरू केले. दिवसा वर्गात इंग्रजी आणि संस्कृत, संध्याकाळनंतर छापखान्यात मराठी. 'केसरी'चे पहिले संपादक आगरकर, 'मराठा'चे टिळक.

याचा परिणाम मुलांवर होणारच. हरी नारायण आपटे याच शाळेत शिकले. पुढे त्यांनी 'पण लक्षात कोण घेतो?' ही कादंबरी लिहिली, ते हेच. मार्च १८८२ मध्ये चिपळूणकर बत्तिसावं वर्ष पूर्ण व्हायच्या आत गेले, तेव्हा या अठरा वर्षांच्या विद्यार्थ्याने 'शिष्यजनविलाप' नावाची शोककविता लिहिली. आगरकरांनी शेक्सपिअरच्या 'हॅम्लेट'चं 'विकारविलसित' असं मराठी रूपांतर केलं, तर याच मुलाने त्यावर एक लांबलचक, परखड टीकालेख लिहिला. ज्या मास्तरांच्या शाळेत शिकलो त्यांच्याच पुस्तकाची चिरफाड! मला या शाळेबद्दल सगळ्यात जास्त काय आवडत असेल तर हे. शिकवणाऱ्याशी वाद घालता येतो, आणि तो मराठीत, छापून घालता येतो, हे त्या पोरांना इथे कळलं.

१८८२ : एक आयोग, दोन आवाज

आता अवघड भाग. १८८२ साल या गोष्टीच्या मधोमध आहे.

त्या वर्षी टिळक आणि आगरकर तुरुंगात गेले. कोल्हापूरचे महाराज वेडे असल्याचं दाखवून त्यांचा छळ होतोय, अशा बातम्या त्यांच्या पत्रांत आल्या होत्या. कोल्हापूरच्या कारभाऱ्यांनी अब्रुनुकसानीचा खटला भरला, आणि दोघांनी मुंबईच्या डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढले. शाळेच्या दोन मास्तरांना शिक्षा झाली तरी शाळा बंद पडली नाही, उलट मुलं वाढत गेली. पाच वर्षांत पट हजाराच्या घरात पोचला.

त्याच वर्षी विल्यम हंटर यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेला शिक्षण आयोग देशभर फिरत होता. हंटर न्यू इंग्लिश स्कुलात येऊन गेले आणि खूश झाले. सरकारची मदत न घेता चाललेली अशी शाळा आपण हिंदुस्थानात दुसरी पाहिली नाही, या अर्थाचा अभिप्राय त्यांनी दिला. शाळेतर्फे वामनराव आपट्यांनी आयोगापुढे साक्ष दिली. एतद्देशीय माणसं स्वतःच्या बळावर उत्तम शाळा चालवू शकतात, याचा पुरावा म्हणून ही शाळाच उभी होती.

याच आयोगापुढे पुण्यातूनच आणखी एक निवेदन गेलं, जोतीराव फुल्यांचं. फुले आणि सावित्रीबाईंनी १८४८ मध्ये भिडे वाड्यात मुलींची शाळा सुरू केली होती. न्यू इंग्लिश स्कूलच्या ३२ वर्षं आधी, त्याच शहरात. फुल्यांचा हिशेब सरळ होता : सरकारचा महसूल येतो शेतकऱ्याच्या घामातून, आणि तो खर्च होतो वरच्या वर्गाच्या उच्च शिक्षणावर. म्हणून आधी खेड्यापाड्यातलं प्राथमिक शिक्षण बघा, आणि बारा वर्षांपर्यंत ते सक्तीचं करा.

दोन्ही कागद एकाच आयोगापुढचे. एक म्हणतो, आम्हाला सरकारपासून मोकळं राहू द्या. दुसरा म्हणतो, सरकारने हात काढून घेतला तर आमच्या मुलांना शाळेत घालणार कोण? आयोगाने शिफारस केली की माध्यमिक शिक्षणातून सरकारने हळूहळू मागे यावं आणि ते खासगी संस्थांकडे सोपवावं. प्राथमिक शिक्षण गेलं स्थानिक बोर्डांच्या गळ्यात. ज्यांच्याकडे आधीच अक्षरं होती, वकील होते, छापखाने होते, त्यांना पहिली शिफारस फळली. न्यू इंग्लिश स्कूलमधली मुलं बहुतेक ब्राह्मण घरांतली होती, हे लपवण्यात अर्थ नाही. आणि मुली नव्हत्याच. पुण्यात मुलींचं हायस्कूल, आपली हुजूरपागा, १८८४ मध्ये रानडे, भांडारकर, मोडक, वागळे या मंडळींनी काढलं, तेव्हा तिथल्या अभ्यासक्रमावर 'केसरी' आणि 'मराठा'मधून टिळकांनी कडाडून टीका केली. त्याआधी चिपळूणकरांनी 'निबंधमाले'त फुल्यांची टिंगल केली होती, आणि तीही त्यांच्या भाषेवरून, व्याकरणावरून.

इथे माझा 'पाणी' मला पुन्हा आठवतो. व्याकरण शिकायचं असतं तसं ते दुसऱ्याला गप्प करायलाही वापरता येतं. आणि काहींना तर शिकायलाही मिळालं नाही. बाबासाहेब आंबेडकरांना मुंबईच्या एल्फिन्स्टन हायस्कुलात, म्हणजे चक्क सरकारी शाळेत, संस्कृत घ्यायचं होतं. अस्पृश्य म्हणून घेऊ दिलं नाही, फारसी घ्यावं लागलं. पुढे संस्कृत ते स्वतःच्या हिमतीवर शिकले.

पंचाहत्तर रुपये

म्हणजे ही शाळा वाईट होती का? असा निकाल देऊन मोकळं व्हायला सोपं आहे, पण मग एक गोष्ट हातातून निसटते. या लोकांनी शाळा चालवायची जी रीत शोधली, ती त्यांच्या मतांपेक्षा जास्त टिकली.

२४ ऑक्टोबर १८८४ ला डेक्कन एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली. २ जानेवारी १८८५ ला फर्ग्युसन कॉलेज सुरू झालं. हो, ज्याच्यावरून एफसी रोड, तेच. मुंबईच्या गव्हर्नरचं नाव त्याला दिलं, म्हणजे 'सरकारपासून स्वतंत्र' यालाही व्यवहाराची किनार होती. पण आतला नियम वेगळाच होता. संस्थेला मालक नाही. शिकवणारेच आजीव सदस्य, आणि तेच कारभारी. प्रत्येकाने वीस वर्षं सेवा द्यायची. पगार महिना ७५ रुपये, पहिल्या दिवसांत तर त्याहूनही कमी. सरकारी खात्यात गेले असते तर यांना कितीतरी जास्त मिळाले असते. टिळकांच्या डोळ्यांसमोर जेझुइट पाद्र्यांचा त्याग होता. ज्यांच्या धर्मप्रसाराला विरोध, त्यांच्याच शिस्तीचा नमुना!

१८८५ मध्ये गोपाळ कृष्ण गोखले नावाचा अठरा वर्षांचा पदवीधर शाळेत शिक्षक म्हणून लागला आणि पुढच्या वर्षी आजीव सदस्य झाला. त्याने लिहिलेलं अंकगणिताचं पुस्तक पुढे शाळाशाळांत चाललं. आणि नेमक्या अशाच गोष्टींवरून भांडण पेटलं. आजीव सदस्याने बाहेर कमाई करावी का? बाहेरच्या संस्थांची कामं घ्यावीत का? टिळक म्हणाले, त्याग म्हणजे पूर्ण त्याग. बाकीचे म्हणाले, ७५ रुपयांत संसार चालत नाही. याच्या खाली दुसरी आग होतीच. संमतिवय, विधवाविवाह, स्त्रीशिक्षण, या सगळ्यांत आगरकर आधी समाजसुधारणा म्हणत होते आणि टिळक आधी स्वराज्य. आगरकरांनी 'केसरी' सोडला आणि १८८८ मध्ये 'सुधारक' काढला. पुण्यातल्या सनातन्यांनी त्यांची जिवंतपणी प्रेतयात्रा काढली. १८९० मध्ये टिळकांनी आपणच उभ्या केलेल्या संस्थेचा राजीनामा दिला. गणित शिकवायला त्यांच्या जागी आले धोंडो केशव कर्वे, म्हणजे पुढे विधवांसाठी आश्रम आणि स्त्रियांचं विद्यापीठ काढणारे महर्षी कर्वे. आपट्यांनंतर फर्ग्युसनचे प्राचार्य झालेले आगरकर १८९५ मध्ये गेले, ३९ व्या वर्षाच्या आत.

आणि विद्यार्थ्यांमध्ये? केशवसुत याच शाळेतून १८८९ मध्ये मॅट्रिक झाले, शाळेच्या बाकावर बसायचं वय केव्हाच उलटल्यावर. आधुनिक मराठी कवितेची सुरुवात आपण यांच्यापासून मानतो. त्याच सुमारास त्यांनी एक कविता लिहिली, 'अंत्यजाच्या मुलाचा पहिला प्रश्न'. आपल्यालाच का दूर लोटतात, असं एक लहान मुलगा आईला विचारतो. जी शाळा त्या मुलासाठी नव्हती, तिच्या एका विद्यार्थ्याला तो प्रश्न ऐकू आला होता.

नाव गावोगाव गेलं

आता एक प्रयोग करा. तुमच्या आजी-आजोबांना फोन लावा आणि विचारा, तुमच्या हायस्कूलचं नाव काय होतं? बऱ्याच जणांना उत्तर मिळेल, "न्यू इंग्लिश स्कूल." पुण्याचं नव्हे. सातारा, सांगली, नगर, कोकण, कुठल्या तरी तालुक्याच्या नाहीतर बाजाराच्या गावातलं. महाराष्ट्रात या नावाच्या शाळा इतक्या आहेत की ते विशेषनाम राहिलेलंच नाही. पुण्यात 'न्यू इंग्लिश' म्हटलं तर लोक रमणबाग की टिळक रोड एवढंच विचारतील. गावात विचारतील, कुठल्या गावचं?

यातल्या कितीतरी शाळा रयत शिक्षण संस्थेच्या. कर्मवीर भाऊराव पाटलांनी ही संस्था १९१९ मध्ये कराड तालुक्यातल्या काले गावी सुरू केली. सत्यशोधक चळवळीतून, म्हणजे फुल्यांच्या वाटेवरून ते आले होते. साताऱ्याच्या त्यांच्या बोर्डिंगात सगळ्या जातींची मुलं एकत्र राहायची, एकत्र स्वयंपाक करून एका पंगतीत जेवायची. पैसे संपले तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने, शेवटी मंगळसूत्रसुद्धा विकलं. गरिबाच्या मुलाने काम करून शिकावं, ही त्यांची 'कमवा आणि शिका' योजना.

आणि रयतमध्ये शिक्षकांची जी मधली फळी आहे तिला काय म्हणतात माहितीये? आजीव सेवक. शब्द जरा बदलला, पण कल्पना ओळखीची आहे. मालक नसलेली संस्था, थोड्या पगारावर आयुष्य देणारी माणसं. पुण्याच्या चार वाड्यांतल्या मुलांसाठी जी रीत निघाली, ती फुल्यांच्या वारसदारांनी उचलली आणि ज्यांच्यासाठी फुल्यांनी हंटरकडे निवेदन दिलं होतं त्यांच्या गावात नेली. शाळेच्या पाटीवरचं नावही तेच ठेवलं. याला कुणी विजय म्हणेल, कुणी उधारी. मला वाटतं, १८८२ मधले ते दोन कागद इथे पहिल्यांदा एका छपराखाली आले.

माझे आजोबा अशाच एका शाळेत शिकले, सातारा जिल्ह्यात. घरी शेती, अंगठ्यानं सही करणारे आईवडील. रोज सात किलोमीटर चालत जायचे. तिथल्या मास्तरांनी त्यांना इंग्रजी दिलं, संस्कृतचे चार श्लोक दिले, आणि 'पानी'चं 'पाणी' करून दिलं. या शेवटच्या गोष्टीचा त्यांना फार अभिमान होता. पुढे ते सरकारी कचेरीत कारकून झाले, मुलगा इंजिनिअर झाला, आणि नात बर्नाबीच्या डोंगरावरच्या विद्यापीठात शाळांचा इतिहास लिहिते. 'पाणी' न येता हे झालं असतं का? त्या काळात नसतं झालं, हे मला प्रामाणिकपणे मान्य करावं लागतं. बोलीवरून माणूस तोलणाऱ्या जगात मास्तरांनी त्यांच्या हाती एक किल्ली दिली होती. पण आजोबा गावी गेले की थोरल्या भावाशी बोलताना पुन्हा 'पानी' म्हणायचे. लहानपणी मला वाटायचं, चुकतात. आता वाटतं, दोन्ही दारं उघडी ठेवायची त्यांची ती पद्धत होती.

परत शनिवारच्या वर्गात

तुम्ही म्हणाल, या सगळ्याचा आमच्याशी काय संबंध? आम्ही मेलबर्नला, म्युनिकला, नाहीतर सरेला राहतो.

तुमच्या आसपास जो मराठीचा वर्ग चालतो, तो या गोष्टीतलाच एक धागा आहे. सरकार नाही, मालक नाही, पगार तर नाहीच. चार जण आपला शनिवार देतात. त्या अर्थाने आपण सगळे न्यू इंग्लिश स्कूलवाले, स्वतंत्र शाळेवाले. फक्त आपली भाषा उलटी फिरली आहे. त्यांच्या मुलांना मराठी घरात मिळत होती आणि इंग्रजीसाठी शाळेत यावं लागत होतं. आपल्याकडे इंग्रजी हवेत आहे, आणि मराठीसाठी जॅकेट घालून बाहेर पडावं लागतं.

म्हणून तेच दोन प्रश्न आपल्यालाही. कुणापासून स्वतंत्र, याची काळजी आपल्याला फारशी नाही. कुणासाठी, याची घ्यायला हवी. आपल्या वर्गातली पुस्तकं कुणाच्या घरातलं मराठी बोलतात? दिवाळीच्या धड्यातला फराळ, धड्यातली आडनावं, गोष्टीतले आजी-आजोबा एकाच पेठेतले आहेत का? नागपूरच्या, नांदेडच्या, बेळगावच्या, मालवणच्या घरातून आलेलं मूल तिथे बसलं तर त्याला आपलं घर ओळखू येतं का?

मी काय केलं ते सांगते, फार मोठं काही नाही. त्या मुलाच्या आईला विचारून आम्ही एका शनिवारी त्याच्या आजोबांना व्हिडिओ कॉलवर वर्गात बोलावलं. भारतात रात्र झाली होती, तरी ते इस्त्रीचा सदरा घालून बसले होते. विहिरीची गोष्ट सांगितली त्यांनी. दुष्काळाच्या वर्षी गावातल्या लोकांनी मिळून विहीर कशी खणली, पानी कितव्या दिवशी लागलं, पहिल्या घागरीवरून भांडण कसं झालं. सगळी मुलं गप्प बसून ऐकत होती, जे एरवी होत नाही.

नंतर मी फळ्यावर दोन्ही शब्द लिहिले. 'पाणी', पुस्तकात असं लिहितात. 'पानी', आजोबा असं म्हणतात. दोन्ही वाचा. मुलांनी वाचले. एक मुलगी म्हणाली, "आमची आजी पण पानी म्हणते, पण मम्मा म्हणते ते कुणाला सांगायचं नाही."

पुढच्या शनिवारी मी तिच्या आजीलाही विचारणार आहे, गोष्ट सांगाल का म्हणून. तुमच्या गावातल्या वर्गात असं काही घडलं असेल, किंवा तुमच्या घरातल्या कुणाच्या 'न्यू इंग्लिश स्कूल'ची आठवण असेल, तर आम्हाला जरूर कळवा. पुढच्या एका भागात त्या आठवणी वाचून दाखवायचा विचार आहे, ज्या बोलीत तुम्ही पाठवाल त्याच बोलीत.